आक्काला बसवलं ते वर्ष

आक्का म्हातारी झाली हे आमच्या नांदेडच्या घरी एका संध्याकाळी ठरलं, आई येसराच्या आमटीला फोडणी देत असताना. आक्का तेव्हा तिथं नव्हती. ती मुरुडजवळच्या आमच्या रानात होती आणि या निर्णयाची तिला बरेच दिवस खबर नव्हती. गावाकडून आलेल्या एका माणसानं निरोप आणला होता की आक्का बांधावरून घसरली, गुडघा सुजलाय, पण काळजीचं काही नाही, दुसऱ्या दिवशी काठी टेकत खुरपायला गेली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, या निरोपाचा पहिला अर्धाच भाग ऐकला. या वयात बहिणीनं रानात राबायचं आणि आपण इथं शाळेत खुर्चीवर बसायचं, लोक तोंडात शेण घालतील, असं ते म्हणाले. आईनं पळी हलवत मान डोलावली. ‘या वयात’ म्हणजे नेमकं किती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आक्काच्या जन्माचा दाखला एवढाच की त्या साली गावच्या ओढ्याला मोठा पूर आला होता, आणि मोठे पूर आमच्या ओढ्याला बऱ्याचदा आलेले होते. तरी साठीच्या अलीकडे-पलीकडे असावी. म्हणजे आज मी आहे त्याहून लहानच, हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं.

आक्का अण्णांची थोरली बहीण. औशाकडे दिलेली, नवरा दोन पावसाळ्यांत गेला, तशी ती माघारी आली. आईवडील गेले तेव्हा अण्णा मराठी शाळेत होते. भावकीतल्या लोकांनी जमीन कसायला मागितली, आक्कानं दिली नाही. लुगड्याचा काचा घट्ट मारून ती स्वतःच रानात उतरली आणि भावाला आधी लातूरला, मग नांदेडला शिकवून मास्तर केलं. उंच, काळीसावळी, चालायला लागली की मागच्या माणसानं पळावं अशी चाल. आवाज तर असा की ती बांधावरून बोलली की तिसऱ्या रानातला माणूस ओ द्यायचा. अण्णा वर्गात पोरांना चळाचळा कापायला लावायचे, पण आक्कासमोर उभे राहिले की त्यांच्या सदऱ्याची बटणं आपोआप लागायची. आम्ही सगळेच तिला आक्का म्हणायचो, मी, माझा धाकटा भाऊ आणि सगळा गाव. फक्त आई वन्सं म्हणायची. अण्णांना मात्र गावात आक्कासकट सगळे इसनाथच म्हणायचे.

दसरा झाल्यावर अण्णा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. चार दिवस हवापालट म्हणून आणलं होतं. खरं काय ते आल्यावर सांगितलं. आमचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, गोदावरीपासून फार लांब नाही. पहाटे गुरुद्वाऱ्याचं कीर्तन कानावर यायचं, मग टांग्यांच्या घोड्यांच्या टापा, मग मनमाडकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी. पुढच्या खोलीत खिडकीशी अण्णांनी नवी बाज टाकली होती, वर आईची लग्नातली चादर. आक्काला तिथं बसवलं. बसवलं हाच शब्द खरा आहे. पहिला चहा तिला. पहिली भाकरी तिला, वर लोण्याचा गोळा. अण्णा शाळेत जाताना तिच्या पाया पडायचे, आम्हालाही पडायला लावायचे. घरी कुणी आलं की आधी तिच्यापुढं वाकायचं आणि अण्णांकडं वळून म्हणायचं, गुरुजी, भाग्यवान आहात, थोरांची सेवा घडतेय हातून. अण्णांचा चेहरा उजळायचा. ते ढोंग नव्हतं हे मी आजही शपथेवर सांगेन. ज्या बहिणीनं आपल्यासाठी जन्म उन्हात काढला तिला सावलीत बसवायचं, हे त्या माणसानं कित्येक वर्षं मनाशी बाळगलेलं स्वप्न होतं.

आक्का पहिले काही दिवस सुखावली. मग तिचे हात शिवशिवायला लागले. ती केरसुणी उचलायची, आई हळूच काढून घ्यायची, “वन्सं, तुम्ही बसा.” ती चुलीपुढं यायची, तिथंही बसाच. मी पाणी भरायला निघाले की माझ्या हातातली कळशी ती अशा नजरेनं बघायची, जशी मी शाळेतल्या मुलींच्या रेशमी रिबिनी बघायचे. तिची ही चुळबुळ अण्णांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी बाजारातून जपमाळ आणून दिली. आक्कानं आज्ञाधारकपणे मणी ओढले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी शेजारी अभ्यास करत बसले होते, तर मला म्हणाली, “सुमे, ही माळ ओढताना चाड्यावर मूठ धरल्यावानी वाटतंय बग. दानं सोडीत ऱ्हायचं, सोडीत ऱ्हायचं. पन उगवत कायीच न्हाई.” पेरताना तिफणीवरच्या चाड्यात मुठीनं सारखं बी सोडत राहायचं काम तिचं होतं, ते तिनं कधी दुसऱ्याला दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माळ खिडकीच्या खिळ्यावर गेली आणि तिथंच राहिली.

मग ती गायब व्हायला लागली. अण्णा शाळेत, आम्ही शाळेत, आई दुपारी जरा लवंडलेली, तेवढ्यात आक्का मागच्या दारानं बाहेर. कुणाला पत्ता नाही. पत्ता लागला तो शेजारच्या वकीलबाईंमुळे. त्या हळदीकुंकवाला आल्या आणि भरल्या घरात म्हणाल्या की तुमच्या आक्कांनी आमच्या परसात मेथीचा वाफा काय झकास केलाय, लसूणसुद्धा लावलाय, आमच्या सासूबाई असत्या तर खाटेवरून हलल्या नसत्या. बाईंनी कौतुकच केलं होतं. पण त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. गुरुजींच्या घरची म्हातारी शेजाऱ्यांकडे कुदळ मारते, ही गोष्ट शहरातल्या वजिराबादपर्यंत पोहोचलेली त्यांना डोळ्यांपुढं दिसत असावी. ते आक्कापुढं अक्षरशः हात जोडून उभे राहिले आणि विचारलं, तुला इथं काय कमी पडतंय ते सांग. आक्का काही कमी नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. त्या दिवसापासून तिनं मागचं दार उघडलं नाही.

आमच्याकडं म्हण आहे, खाली मुंडी पाताळ धुंडी. आक्काची मुंडी खाली गेली पण तिनं पाताळ काही धुंडलं नाही, ती नुसती बसली. बघता बघता बसून बसून ती खरोखरची म्हातारी झाली. गुडघ्याची सूज कधीच उतरली होती, तरी उठताना भिंत धरायला लागली. भाकरी अर्धी, मग चतकोर. तिसऱ्या रानात जाणारा आवाज आतल्या खोलीत ऐकू येईना. आई काळजीनं डॉक्टरांकडं घेऊन गेली तर ते म्हणाले, वयोमानाप्रमाणे चालायचंच. हे वाक्य मी पुढं फार वेळा ऐकलं. हल्ली माझ्याबाबत ऐकते. मी मुलाकडं चौथ्या मजल्यावर राहते. भाजी आणायला निघाले की लिफ्टपर्यंत कुणीतरी सोबत येतं, आणि सून, फार गोड मुलगी आहे ती, माझ्या हातातली पिशवी अशी अलगद काढून घेते की मला माझी आई आणि तिच्या हातातली केरसुणी आठवते. रागावणार कुणावर? मायेनं हात बांधलेत, दोरीनं बांधले असते तर सोडवता आले असते.

मग आली येळवस. वेळ अमावस्या म्हणतात पुस्तकात, आम्ही येळवस म्हणतो. लातूरकडच्या माणसाला दिवाळीला घरी यायला जमलं नाही तरी चालतं, येळवस चुकवून चालत नाही. त्या दिवशी गावंच्या गावं रानात जेवतात. आम्ही आदल्या दिवशी एसटीनं निघालो. अहमदपूर गेलं, लातूर आलं, तशी आक्का खिडकीकडं सरकली. मुरुडच्या अलीकडं ज्वारी कंबरेच्या वर आलेली दिसली तेव्हा ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. स्टँडवर उतरल्यावर अण्णांनी हात पुढं केला, तो तिनं पाहिलाच नाही. गावच्या वाटेला ती आमच्या सगळ्यांच्या पुढं होती. मागून मला हसू फुटत होतं, कारण अण्णा पिशव्या सावरत, “आक्का, हळू, आक्का, हळू,” करत पळत होते.

त्या रात्री आणि पहाटे स्वयंपाकात कुणी तिला बसा म्हटलं नाही, कारण तिच्यासारखं आंबील आईला जमत नसे, आणि हे आईनं कबूल केलेलं होतं. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून, लसूण-जिरं वाटून केलेलं ते पांढरं आंबील, बाजरीचे उंडे, तुरीचे-वालाचे-हरभऱ्याचे ओले दाणे घालून रटरटणारी भज्जी, गव्हाची खीर, तिळाची पोळी. घरभर धूर आणि वास, आणि त्या धुरात आक्काचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढा. उजाडल्यावर पाट्या डोक्यावर घेऊन सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली. आता आंबिलाची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर घेऊन रानाला फेरी घालायची, मागच्यानं डहाळीनं पिकावर आंबील शिंपायचं आणि सगळ्यांनी ओलगेऽ ओलगेऽ करत मागं चालायचं. मला कळायला लागल्यापासून बिंदगी आक्काच्या डोक्यावर असायची. ज्याच्या डोक्यावर बिंदगी त्याचं रान, असं कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं.

आक्कानं लुगड्याच्या धडप्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली आणि बिंदगीसाठी वाकली. तेवढ्यात अण्णा पुढं झाले. “आक्का, तू बस. यंदापासून मी घेतो.” फार मायेनं म्हणाले. आईनं सावलीत घोंगडी अंथरूनच ठेवली होती. आक्का वाकलेली तशीच क्षणभर राहिली. मग सरळ झाली, डोक्यावरची चुंबळ काढून अण्णांच्या हातात दिली आणि घोंगडीवर जाऊन बसली. अण्णांनी फेरी उत्तम घातली, एक थेंब सांडला नाही. माझा भाऊ मागून शिंपत होता. मी मात्र गेले नाही. का ते सांगता येणार नाही, पण मी घोंगडीच्या कडेला बसून राहिले. आक्का ज्वारीकडं बघत नव्हती. मांडीवर उताणे ठेवलेले स्वतःचे तळवे बघत होती.

येळवसला वाटेनं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. फेरी चालू असतानाच शेजारच्या रानातले सोपानतात्या आले, आक्काच्या पाया पडले आणि पाटावर बसले. आक्काच वाढायला उठली. भज्जीत उंडा कुस्करत तात्या भाबडेपणानं बोलून गेले, “आक्का, आता तुमी निवांत ऱ्हावा. इसनाथनं रान मला बटईनं कसायला दिलंय, येत्या पाडव्यापासून. जीव लावून करतो, फिकीर करू नका.” आईच्या हातातलं झाकण खाली पडलं. म्हणजे तिलाही माहीत होतं. आक्कानं मात्र पळी थांबवली नाही. तात्यांना आग्रह करून खीर वाढली, आंबील वाढलं, हात धुवायला पाणी दिलं. येळवसच्या पाहुण्याला उपाशी किंवा अवघडल्या मनानं उठवायचं नसतं. फेरी संपवून अण्णा घामाघूम, आनंदात परत आले तेव्हा कुठं ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

तिचा आवाज चढला नाही. “इसनाथ, तू मला देव करून ठिवलास. पयला घास, पयला च्या, समदे पाया पडतेत. पर देवाला निवद दावतेत बाबा, इचारत कुनी न्हाई. मला देव नगं करू. मी तुजी भैन हाय, मला इचार.”

अण्णा रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तू पडलीस म्हणजे, तू इथं एकटी पडून राहिलीस म्हणजे मी काय तोंड दाखवू, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांच्या भीतीत लोक होते हे खरं, पण सगळे लोकच नव्हते. आई चुलीपाशी होती, ती नवऱ्याला उलटून बोललेली मी ऐकलेली नाही. ती पदर सारखा करत उठली आणि म्हणाली, “वन्सं नांदेडात फार दिवस काढतील असं मला दिसत नाही. त्यांना इथंच राहू द्या.” शेवटी तोड आक्कानंच काढली. जड काम सोपानतात्यांनी करायचं, नांगरट, पाळ्या, काय असेल ते. बटई राहू द्या. पण पेरताना चाड्यावर मूठ आक्काची, आणि कोणत्या पट्टीत काय पेरायचं ते आक्काला विचारून. तात्या उगाच मधे सापडल्यासारखे बसले होते, ते म्हणाले, मला तर तेच पाहिजे होतं, इसनाथनंच सांगितलं की आक्का आता रानात यायची नाही. त्या गडबडीत कोपीतल्या विस्तवावर ठेवलेलं दूध कुठल्या बाजूनं उतू गेलं ते पाहायचं राहिलं. त्यावरून पुढच्या सालच्या पावसाचा अंदाज बांधतात. अण्णा, आई, भाऊ आणि मी चौघंच नांदेडला परतलो. खिडकीतली बाज आईनं तशीच ठेवली, जपमाळही.

हे सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. अण्णांना लोक बोलायचं ते बोललेच. लग्नाकार्यात पाहुणे विचारायचे, आक्का रानातच का, आणि विचारण्यातच निकाल लावून मोकळे व्हायचे. अण्णा दर पंधरवड्याला जाऊन यायचे, एसटीत उभे राहून, आणि प्रत्येक वेळी परत येताना पुन्हा चुकल्यासारखा चेहरा. आक्का पुढं आणखी एकदा पडली. तेव्हा ती बराच वेळ एकटीच बांधाला पडून होती, तात्यांना उशिरा दिसली. अण्णांचं म्हणणं खरं ठरलं, आणि ते खरं ठरल्याचं त्यांनी आयुष्यात कधी बोलून दाखवलं नाही. दोघांत कोण बरोबर हे मला कुणी विचारलं असतं तर तेव्हा मी झटकन आक्का म्हटलं असतं. आता मी मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघते, त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघते, आणि लगेच उत्तर देववत नाही. पण द्यायचंच झालं तर अजूनही आक्काच.

गेल्या येळवसला मुलानं माझ्यासाठी रानात खुर्ची नेली होती, वर उशी. मी बसले. खुर्ची चांगली होती आणि माझे गुडघे काही आक्काचे नाहीत. पूजा झाल्यावर तो माझ्याजवळ आला, वाकला आणि म्हणाला, “आई, बिंदगी कुणी घ्यायची?” त्याला आक्काची गोष्ट कधी सांगितलेली नव्हती. त्यानं सहज विचारलं होतं. मला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

त्या वेळात मी होते माझ्या लग्नाआधीच्या शेवटच्या येळवसला. आक्कानं चुंबळ ठेवली, बिंदगी घेतली, आम्ही सगळे मागं. पूर्वेच्या बांधानं ठीक गेली. कोपऱ्यावरच्या बाभळीपाशी तिचा पाय अडखळला आणि ती थांबली. सगळेच थांबले, ओलगेही थांबलं. अण्णा पुढं झेपावले, तर आईनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. आक्का उभी होती, एक हात बिंदगीला, एक हात बाभळीला, आणि धाप लागली होती.  दम खाऊन झाल्यावर तिनं मागं न बघता हाक मारली, “सुमे, हिकडं ये.” मी गेले. तिनं स्वतःच्या हातानं बिंदगी उतरवून बांधावर ठेवली, चुंबळ काढली आणि माझ्या डोक्यावर दाबून नीट बसवली. चुंबळ तिच्या डोक्यानं अजून गरम होती. मग बिंदगी चढवली, दोन्ही बाजूंनी चाचपली आणि माझ्या भावाच्या हातातली डहाळी स्वतः घेतली.

“चल,” ती म्हणाली. “हळू चाल. मी मागं हाय.”